द्विहृदयेचा फोन

भोकरदन म्हणजे केळणाकाठचें प्राचीन भोगवर्धन. येथील उत्खननांत हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ति सांपडली, हें इतिहासप्रेमी वाचकांस ठाऊक असेलच. त्या मूर्तीविषयीं आम्ही मोठ्या अभिमानानें बोलतों. परंतु ह्याच तालुक्यांतील हाडामांसाच्या गर्भिणीच्या कानीं काय पडतें, ह्याची चौकशी क्वचितच करतों.

सरकारची 'किलकारी' नांवाची एक योजना आहे. ती २०१६ सालीं सुरू झाली व २०२४ च्या फेब्रुवारींत महाराष्ट्रांत आली. चौथ्या महिन्यापासून मूल वर्षाचें होईपर्यंत आठवड्यास एक, असे एकंदर ७२ निरोप मोबाइलवर बोलून सांगितले जातात. खर्च कांहीं नाहीं, आणि बाईस अक्षरओळख नसली तरी अडत नाहीं.

चौथ्या महिन्यापासूनचा हा आरंभ पाहून मला मौज वाटली. सुश्रुतानें शारीरस्थानांत ह्याच महिन्यांत गर्भाचें हृदय व्यक्त होतें असें सांगून गर्भिणीस द्विहृदया म्हटलें आहे; आपला 'डोहाळे' हा शब्दही त्याच कुळांतला. मात्र ह्या दोन हृदयांच्या बाईपाशीं पुष्कळदां एकही फोन नसतो! आपल्या घरांतील सुनांकडे पाहून ही गोष्ट ध्यानांत यावयाची नाहीं.

आमच्या शेतावर कामास येणाऱ्या एका मुलीचें असेंच झालें. नोंदलेला क्रमांक नवऱ्याचा. तो पिंपळगांव रेणुकाईच्या मिरचीबाजारांत असतां घंटी वाजे, व अनोळखी क्रमांक पाहून तो फोन बंद करी. इकडे घरीं, लोहाच्या गोळीनें मूल फार मोठें होऊन बाळंतपण अडतें, ह्या समजुतीनें सासूनें गोळ्या डब्याखालीं ठेवून दिलेल्या. वास्तविक त्या १८० दिवस रोज घ्यावयाच्या! नवरा माझा जुना विद्यार्थी. त्यास मीं फोन घरीं ठेवण्यास सुचविलें.

"गुरुजी, फोन ठिवून गेलो तं मिरचीचा भाव मला कोण सांगंल?"

त्याचेंही खरेंच होतें. अखेर गांवच्या आशाताईंनीं युक्ति काढली. आरोग्यसेविकेकडून नोंदींतला क्रमांक बदलवून त्यांनीं सासूचा घातला. घरांत दुसरा फोन तेवढाच होता. मला शंका होती. जिनें गोळ्या लपविल्या तिच्याच हातीं किल्ली द्यावयाची! पण म्हातारीस आपल्या नांवानें सरकारी फोन येतो ह्याचें भूषण वाटूं लागलें. ओसरीवर चार बायका बसवून ती तो मोठ्या आवाजांत लावते.

ध्वनिमुद्रित आवाजास उलट प्रश्न विचारतां येत नाहीं, ही उणीव आहेच. अंगावरून रक्त गेलें, डोळ्यांपुढें अंधारी आली, तर पुढच्या निरोपाची वाट न पाहतां १०८ स फोन करावयाचा, हें आशाताईंनीं त्या ओसरीवर निराळें बजावलें आहे.

परवां म्हातारीच मला सांगत होती, "गुरुजी, ती बाई म्हणती, पहिला चीक लेकराला पाजायचा. म्या तं तिन्ही लेकरांचा सांडून देला."

गोळ्यांचा डबा आतां चुलीशेजारच्या फळीवर आहे. सुनेचे दिवस श्रावणांत भरतात.