पापणीवरची ऊ

आपल्या घरांत कित्येक आजारांना प्रतिष्ठा आहे. मधुमेहाची चौकशी पाहुणे मोठ्या आपुलकीनें करतात. मात्र ऊ म्हटली कीं आवाज खालीं येतो. आणि तीच पापणीवर सांपडली तर?

येथें नागपुरांतच माझ्या पुतण्याच्या घरीं हा प्रसंग आला. त्याच्या सहा वर्षांच्या मुलीचे डोळे सारखे खाजत. सकाळीं पापण्यांच्या मुळाशीं खपल्या दिसत. उन्हाळा होता, तेव्हां नागपुरी उन्हाला आणि धुळीला दोष देऊन सारे मोकळे झाले. दोन महिने डोळ्यांत औषध घातलें. अखेर एका नेत्रवैद्यानें तिची हनुवटी यंत्रावर टेकवून भिंगांतून पाहिलें, तों खपल्यांच्या आड पारदर्शक जीव केसांना घट्ट धरून बसलेले, आणि वर लिखा चिकटलेल्या!

डोक्यांतील ऊ पापणीवर क्वचितच राहते. हा प्राणी निराळा, रुंद, खेकड्यासारखा. मोठ्या माणसांच्या जांघेंतील केस हें त्याचें मूळ घर, आणि लिनीअसनें १७५८ सालीं त्याला नांव दिलें तेंही त्याच भागावरून. मुलांकडे तो येतो तो निकट सहवासांतून, एका अंथरुणांतून, क्वचित् एका पंचांतून. मूल असलें म्हणजे वैद्य अत्याचाराची शंकाही मनांत ठेवतात, आणि ती ठेवलीच पाहिजे.

सूनबाईंनीं मात्र प्रथम मोलकरणीकडे बोट दाखविलें, कारण तें सर्वांत स्वस्त होतें. ती बाई मुलीच्या अंथरुणाजवळही कधीं बसली नव्हती. तिचें काम सुटलें. नेत्रवैद्यांनीं घरांतील सर्वांना तपासून घ्या म्हणून बजावलें, तेव्हां पुतण्या एकटाच त्वचेच्या डॉक्टरांकडे जाऊन आला. त्यानें औषध आणलें. मीं कांहीं विचारलें नाहीं.

मुलीवरचा उपचार अगदीं साधा. दिसतील त्या उवा नि लिखा वैद्यांनीं बारीक चिमट्यानें काढल्या. पुढें दहा दिवस, दिवसांतून तीन वेळां, पापण्यांच्या कडांना डोळ्यांसाठींच बनविलेल्या पेट्रोलॅटम मलमाचा जाड थर. त्याखालीं ऊ गुदमरते. लिखा आठवड्यानें फुटतात, म्हणून खाज थांबली तरी मध्येंच सोडावयाचें नाहीं. उवांचें अंगाला लावण्याचें औषध डोळ्यांजवळ नेऊं नये. चादरी, अभ्रे, पंचे कढत पाण्यांत धुतले.

पापण्या स्वच्छ झाल्या. जुन्या बाईला परत बोलवा, असें मीं सुचवून पाहिलें. सूनबाई खालीं पाहत म्हणाल्या, “काका, आतां तिला सांगायचें तरी काय?”