अडकित्ता आणि अनुस्वार

उपयोजित कलेच्या पहिल्या वर्षाला येणारी मुलं हल्ली बरीच तयारीची असतात. मोबाइलवर फोटो कापता येतो, मागचा रंग बदलता येतो, आयता फॉन्ट उचलून संध्याकाळपर्यंत पोस्टर उभं राहतं. त्यामुळे वर्गात बसल्या बसल्या पहिला प्रश्न येतो, ‘सर, सॉफ्टवेअर कधीपासून?’ सॉफ्टवेअर शिकावंच लागतं आणि आम्ही ते मन लावून शिकवतो. पण त्याआधी मी टेबलावर एक अडकित्ता ठेवतो.

पहिल्या दिवशी तो दिसतो तसा काढायचा. पितळेवरची चमक, खिळ्याभोवतीची झीज, दांडीच्या टोकावरचा पोपट, टेबलावर पडलेली सावली, सगळं. मुलं यात रमतात. काहींचं शेडिंग बघत राहावं असं असतं. दुसऱ्या दिवशी पेन्सिल बंद. काळी शाई, ब्रश आणि पांढरा कागद. मधला करडा रंग वापरायचा नाही. त्यानंतर तोच अडकित्ता टपाल तिकिटाएवढा काढायचा, आणि समोरच्या भिंतीवर लावला तर शेवटच्या बाकावरून ओळखू आला पाहिजे.

चमक, झीज, सावली झटकन गळतात. पोपट काढून टाकणं जिवावर येतं, पण तोही जातो. खरी अडचण तिथून पुढे सुरू होते. कुणाच्या दोन दांड्या एकमेकींना छेदतात आणि अडकित्त्याची कात्री होते. कुणी रेषा सरळ आणि देखण्या करत जातो आणि हातात चिमटा उरतो. मग सगळे पुन्हा टेबलाभोवती जमतात आणि पहिल्यांदाच ती वस्तू नीट बघतात. अडकित्त्याच्या दांड्या छेदत नाहीत, एका टोकाला खिळ्याने जोडलेल्या असतात. त्या जोडाला लागूनच वरच्या दांडीला पात्याचं पोट सुटलेलं असतं. हे पोट आणि टोकाचा खिळा राहिला, तर बाकी काय वाटेल ते काढा, अडकित्ता अडकित्ताच राहतो. म्हणजे वस्तूत काय काय आहे याची यादी करून भागत नाही. आपल्या शेजारच्या वस्तूंपासून ती कशाने वेगळी पडते, ते शोधावं लागतं. चित्र सोपं करणं म्हणजे हा शोध. रेषा कमी करणं त्याच्या मागोमाग येतं.

हे एकदा हाताला कळलं की मी लगेच अक्षरांकडे वळतो, कारण अक्षरांतही नेमकं हेच आहे. ‘भ’ची शिरोरेषा डावीकडे तुटलेली असते आणि त्या जागी एक गाठ असते. अक्षर नीटनेटकं करायच्या नादात ती फट बुजली, की वाचणारा ‘म’ वाचतो. ‘ध’ आणि ‘घ’, ‘थ’ आणि ‘य’ यांचं तेच. ‘ब’च्या पोटातली तिरकी रेघ विसरली की त्याचा ‘व’ झाला. चित्र आणि अक्षर हे दोन वेगळे विषय म्हणून वेळापत्रकात मांडले जातात, वेगवेगळे शिक्षक ते शिकवतात, वेगवेगळे गुण पडतात. माझं ठाम मत असं की ग्राफिक डिझाइनची सुरुवात करणाऱ्याला ते एकत्रच शिकवावेत. दोन्हीकडे काय ठेवायचं याचाच निर्णय घ्यायचा असतो, आणि तो निर्णय घेता येणं हीच डिझाइनरची पहिली कमाई.

हे दोन्ही निर्णय एका कागदावर घेतलेलं पोस्टर मी दरवर्षी दाखवतो. बर्लिनमध्ये १९०५च्या सुमारास प्रीस्टर या आगपेटीच्या कंपनीसाठी पोस्टरची स्पर्धा लागली. लुसियन बर्नहार्ड नावाचा अगदी तरुण चित्रकार तीत उतरला. सांगतात ते असं, की आधी त्याने टेबल, टेबलक्लॉथ, ॲशट्रे, जळती सिगार, धुरातून उमटणाऱ्या नर्तकी असं सगळं काढलं होतं. कुणीतरी ते चित्र सिगारची जाहिरात समजलं. मग त्याने एकेक गोष्ट पुसायला सुरुवात केली. शेवटी उरल्या गडद तपकिरी जमिनीवर दोन लाल काड्या, त्यांची पिवळी टोकं, आणि वर निळ्या, जाड, गोलसर अक्षरांत कंपनीचं नाव. पोस्टर आधी नापसंतांत पडलं होतं, परीक्षकांपैकी एकाने ते उचलून वर आणलं, असंही सांगतात. पुढे जर्मनीत अशा पोस्टरांची एक परंपराच तयार झाली.

मुलांना काड्या लगेच दिसतात. मी त्यांना नावाकडे बघायला लावतो. ती अक्षरं ब्रशने काढलेली आहेत, काड्यांइतकीच वजनदार आहेत, आणि कागदावरच्या मोकळ्या जागेत काड्यांच्या बरोबरीने उभी आहेत. त्या जागी बारीक, नाजूक टायपात नाव छापलं असतं, तर काड्या पोरक्या दिसल्या असत्या. शिवाय छपाईचाही भाग होताच. दगडावरच्या छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागे. रंग मोजके तर खर्च मोजका. सौंदर्यामागे असा हिशोब अनेकदा असतो आणि विद्यार्थ्याला तो माहीत असलेला बरा.

आपल्याकडे हाच हिशोब मराठी नाटकांच्या जुन्या जाहिरातींत दिसतो. त्या काळी वर्तमानपत्राची छपाई ठशांची होती. फोटो छापायचा तर जाळीचा ब्लॉक करावा लागे, आणि न्यूजप्रिंटवर शाई पसरून नटनट्यांचे चेहरे काळवंडत. ठसठशीत काळं-पांढरं अक्षर मात्र लाइन ब्लॉकमध्ये स्वच्छ उठे. जाहिरातीची जागा एका-दोन कॉलमांची. म्हणजे नाटक कसलं आहे, ऐतिहासिक की संगीत, विनोदी की गंभीर, हे सगळं नाटकाच्या नावानेच सांगायला हवं. कमल शेडगे यांनी (१९३५–२०२०) हे काम अशा उंचीला नेलं की त्या जाहिराती लोक कापून ठेवू लागले. टाइम्स ऑफ इंडियाच्या कला विभागात ते होते. ‘मत्स्यगंधा’, ‘रायगडाला जेव्हा जाग येते’पासून पुढच्या कितीतरी नाटकांची नावं त्यांच्या हातून उतरली. जागा कमी, रंग एक, फोटो नाही. या तिन्ही अडचणी त्यांनी अक्षराच्या अंगात मुरवल्या. माझ्या मते मराठीत ग्राफिक डिझाइन शिकायचं असेल तर ग्रंथालयात जाऊन जुन्या वर्तमानपत्रांतली ही नावं ट्रेसिंग पेपरवर गिरवण्यासारखा दुसरा अभ्यास नाही. गिरवताना कळतं की फक्त एक-दोन जागीच अक्षर नेहमीची वाट सोडतं. बाकीचं सगळं शिस्तीत असतं, म्हणून तर ते वाचता येतं.

मात्र इंग्रजी पुस्तकांतले लेटरिंगचे धडे जसेच्या तसे मराठीत चालत नाहीत. रोमन अक्षरं खालच्या रेषेवर उभी राहतात, आपली शिरोरेषेला लटकतात. त्यांच्यात मोठी आणि लहान लिपी आहे, आपल्याकडे नाही. त्याऐवजी वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आहेत आणि खाली उकार. त्यामुळे मराठी शब्दाचा भाव बराचसा शिरोरेषेच्या वर आणि अक्षरांच्या पायाशी घडतो. बोरू किंवा कट निब हातात घेतली की आणखी एक फरक कळतो. रोमनसाठी टोक ज्या बाजूला तिरकं धरतात त्याच्या उलट तिरकं देवनागरीला लागतं. इंग्रजी सुलेखनाची सवय असलेला मुलगा तसाच लिहू लागला, तर जाड हवी ती रेषा बारीक येते आणि शब्द परका दिसतो. मी थोडे दिवस मोडीही लिहायला लावतो. मोडीत आधी ओळभर शिरोरेषा ओढून घेतात आणि मग अक्षरं तिच्याखाली सोडत जातात. शिरोरेषा ही शेवटी मारायची रेघ नाही, तिच्यावर सगळी ओळ तोलली जाते, हे त्या सरावात हाताला पटतं. रुपयाचं चिन्हही तेव्हाच दाखवतो. आयआयटी मुंबईत संशोधन केलेल्या डी. उदय कुमार यांचं हे चिन्ह २०१० साली स्वीकारलं गेलं. ‘र’ तसाच, शिरोरेषेखाली आणखी एक आडवी रेघ. त्याच वेळी ते चिन्ह उभा दंड वगळलेला इंग्रजी आरही आहे.

आता वर्गातलं एक काम जवळून सांगतो. शब्द दिला होता ‘ओझं’. भाव अक्षरातून दिसला पाहिजे, चित्र जोडायचं नाही, एवढीच अट. अशा वेळी बहुतेक हात सजावटीकडे धावतात. ‘आग’ म्हटलं की ज्वाळा, ‘पाणी’ म्हटलं की थेंब. मला ही वाट मान्य नाही, कारण त्यात अक्षर काहीच करत नाही, त्याच्यावर वेष चढवलेला असतो. एका मुलीनेही आधी शब्दावर पोतं ठेवलं. अट आठवल्यावर तिने पोतं पुसलं आणि ‘ओ’चा काना गुडघ्यात वाकवला, ‘झ’ बसका केला, शिरोरेषेला तडे दिले. ओझं दिसत होतं, पण चार जण एकदम बोलत असावेत तसा गोंगाट होता.

‘यातलं एकच ठेवायचं झालं तर?’ मी विचारलं.

तिने बराच वेळ काही उत्तर दिलं नाही. मग काना सरळ केला, ‘झ’ पूर्ववत केला, तडे बुजवले. आणि अनुस्वाराचा ठिपका मोठा करत नेला, इतका मोठा की त्याच्याखालची शिरोरेषा किंचित झोळ पडल्यासारखी खाली आली. बस. नेहमी दुर्लक्षित राहणारा तो ठिपका शब्दातली सगळ्यात जड वस्तू झाला. झोळ किती द्यायचा यावर तिचे पुढचे तीन तास गेले. जास्त दिला की रबरासारखा दिसे, कमी दिला तर छपाईचा दोष वाटे. तिने ठिपका जरा उजवीकडे सरकवला तेव्हा ते जमलं, कारण वजन मधोमध असलं की तोल राखला जातो आणि ओझ्याचा ताण जातो. अडकित्त्याच्या पात्याचं पोट शोधणं आणि हे, दोन्ही एकाच जातीचं काम आहे.

अशा अक्षरांना आणि फॉन्टला मुलं एकच समजतात, तो घोळ वेळीच सोडवावा लागतो. फॉन्टमधल्या प्रत्येक अक्षराला कुठल्याही अक्षराशेजारी बसता आलं पाहिजे. र. कृ. जोशी यांनी केलेला ‘मंगल’ विंडोजमुळे घरोघरी पोचला. सरकारी पत्रापासून लग्नाच्या यादीपर्यंत सगळं त्याने निमूट वाहिलं, आणि तेच त्याचं काम होतं. एक टाइप या मुंबईच्या गटाचा ‘मोदक’ दुसऱ्या टोकाचा. अक्षरं इतकी गुबगुबीत की आतल्या पोकळीची नुसती बारीक रेघ उरते, तरीही वाचता येतात. तोही फॉन्टच आहे, सगळ्या जोडाक्षरांसकट चालणारा. तिचं ‘ओझं’ मात्र त्या एका शब्दापुरतं. तोच झोळ ‘पतंग’ला दिला तर पतंग उडणारच नाही.

शेवटच्या टप्प्यावर चित्र आणि शब्द एका कागदावर येतात. इथे मी एकच गोष्ट बघतो, दोघांत बोलतंय कोण. दोघेही ओरडत असतील तर एकाला गप्प करायचं. चित्रकार दीनानाथ दलालांची पुस्तकांची मुखपृष्ठं आणि १९४५पासून त्यांनी काढलेल्या ‘दीपावली’ अंकाची मुखपृष्ठं यासाठी जरूर बघावीत. सपाट रंग, ठाम रेषा, आणि शब्दाला मोकळी ठेवलेली जागा. ती जागा चित्र काढून झाल्यावर उरलेली नाही, आधीपासून राखलेली आहे.

आणि निवडणुकीची चिन्हं बघावीत. त्यांना कलेच्या पुस्तकात जागा मिळत नाही याचं मला खरोखर वाईट वाटतं. १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदारांतल्या फार मोठ्या संख्येला वाचता येत नव्हतं, म्हणून चिन्हं आली. पुढे निवडणूक आयोगाचे ड्राफ्ट्समन एम. एस. सेठी यांनी अनेक चिन्हं पेन्सिलीने रेखाटली. कपबशी, शिट्टी, शिलाई मशीन. मतपत्रिकेवर बोटाच्या पेराएवढी, एका रंगात, साध्या कागदावर छापलेली. चुकून दुसरं वाटलं तर मत दुसऱ्याला जाणार. सोप्या चित्रावर इतकी मोठी जबाबदारी क्वचितच पडली असेल. मुलांना मी त्याच मापात, त्याच अटींवर एक वस्तू काढायला सांगतो आणि खाली तिचं नाव लिहायला सांगतो. झेरॉक्सची झेरॉक्स काढून तिसऱ्या प्रतीवरही दोन्ही टिकलं तरच काम पास.

हे सगळं घरीही करता येतं. वयाची अट नाही, महाविद्यालयाची नाही. एक कट निब किंवा नीट कापलेला बोरू, काळी शाई, पाठकोरे कागद पुरतात. वस्तू स्वयंपाकघरातून उचला, शब्द रोजच्या बोलण्यातला घ्या, नाट्यमय नको. ‘गर्दी’ घेतलात तर रफार आणि वेलांटी आधीच एका जागेसाठी भांडत असतात. तिथूनच सुरुवात करा.