ट्रॉलीतला संसार
माघी पौर्णिमेच्या जत्रेला रायबाग तालुक्यातल्या चिंचलीत मायाक्काच्या दर्शनाला आजही बैलगाड्या येतात. आम्ही मात्र गेली पंधरा वर्षे ट्रॅक्टरच्या दोनचाकी ट्रॉलीने जातो. खाली कडबा, त्यावर जमखाना, वर ताडपत्री. पहिल्या वर्षी पाण्याचे पिंप मागच्या बाजूला ठेवले. मुक्कामाला ट्रॅक्टर सोडला, अव्वा मागून चढली आणि ट्रॉली पुढून उचलली! भाकरीच्या बुट्टीसकट अव्वा खाली, मनगट मोडले. तेव्हापासून पिंप आसाच्या जरा पुढे, चाकांना दगड, मागच्या फळीखाली लाकडी ठोकळा. उसाच्या गाड्यांच्या भीतीने रात्रीचा प्रवासही बंद केला. अव्वा अजून येते. पण 'कल्ल इट्टियेन?' असे विचारल्याशिवाय ट्रॉलीत पाय ठेवत नाही.