उतरायची एवढी घाई?

सोमवार ते शुक्रवार हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये ब्रेक दाबत बसायचं आणि रविवारी सकाळी तोच ब्रेक सोडायला शिकायचं! पुण्यात डाउनहिल माउंटन बायकिंगचा नाद लागतो तो असा.

आमची शाळा म्हणजे वेताळ टेकडी. शहरातली सगळ्यात उंच, समुद्रसपाटीपासून साधारण 800 मीटर. परदेशातल्या बाइक पार्कमध्ये सायकलसकट वर नेणारी लिफ्ट असते. इथे लिफ्ट म्हणजे आपल्या मांड्या. अर्धा तास घाम गाळत चढायचं आणि काही मिनिटांत खाली. व्यवहार आतबट्ट्याचा, पण चस्का विचारू नका!

पहिल्या दिवशी मी तेच केलं जे सगळे करतात. उतार दिसला, पोटात गोळा आला आणि दोन्ही ब्रेक करकचून आवळले. टेकडीवर खाली कातळ, वर सुटा मुरूम. चाक लॉक झालं की सायकल घसरणारच. ढोपर सोलवटून उठलो तेव्हा मित्र म्हणाला, "अरे, चाक फिरतं तोवरच सायकल तुझं ऐकते."

हे अंगात मुरायला चार रविवार गेले. सीट खाली घ्यायची आणि उतारावर तिच्यावर बसायचं नाही. पेडल्स एका पातळीत, गुडघे-कोपरं सैल, सगळं वजन पायांवर. ब्रेकवर एकेकच बोट, तेही हलकं आणि वळणाच्या आधी. आणि नजर? चाकापुढच्या दगडाकडे टक लावलीत की सायकल त्याच दगडावर जाते, हमखास! बघायचं लांब, जिथे जायचंय तिथे.

महागडी फुल सस्पेन्शन बाइक लगेच घेऊ नका. पुढे सस्पेन्शन आणि डिस्क ब्रेक असलेली हार्डटेल पुरते. हेल्मेट, हातमोजे, नी-पॅडमध्ये मात्र कंजुषी नको. 1976 साली कॅलिफोर्नियात काही पोरं जुन्या सायकलींवरून डोंगर उतरायची. पेडल उलटं मारायचा ब्रेक, एका उतारात हबमधलं ग्रीस जळून जायचं, मग पुन्हा भरा! म्हणून त्या शर्यतीचं नावच पडलं 'रिपॅक'.

पण तो डोंगर होता, ही टेकडी. इथे पहाटेपासून अर्धं पुणं फिरायला येतं. एकदा वळणावर एका काकांच्या अगदी जवळून सुसाट गेलो. थांबलो, मागे आलो. काका शांतपणे म्हणाले, "उतरायची एवढी घाई होती, तर चढलात कशाला?" पुणेरी टोमणा हेल्मेटमधूनही आत जातो. "सॉरी काका" म्हटलं खरं, पण काठीवरचा त्यांचा हात थरथरत होता. तो काही डोक्यातून जाईना.

आता गर्दीच्या वाटेवर सायकल हातात धरूनच उतरतो. वळणापलीकडचं दिसत नसेल तर वेग नाही. नवी वाट पाडायची नाही, वनखात्याचे फलक वाचायचे. पावसाळ्यात कातळावर शेवाळ, तेव्हा सुट्टी.

परवा तेच काका भेटले. हॅण्डलवरच्या घंटीकडे बघून म्हणाले, "वाजते का?"

वाजवून दाखवली.