मोहोर
पालीत बल्लाळेश्वराची घंटा ऐकत आम्ही नमाज पढलो. शेजाऱ्याला हिदायत मिळाली नाही, तर त्याचा गुन्हा काय, हा प्रश्न तेव्हापासूनचा. कुरआनच्या १८व्या सूरेत मानण्या-नाकारण्याची मुभा आहे. दुसऱ्या सूरेत नाकारणाऱ्यांच्या हृदयांवर अल्लाहनेच मोहोर लावल्याचे सांगितले आहे. मुअतझिलांनी कृतीचा कर्ता माणूसच मानला. अशअरी उलेमा म्हणतात, कृती अल्लाह घडवतो, माणूस ती कमावतो. मिरजोळीच्या हमीद दलवाईंनी १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले. १९७७ साली त्यांच्या इच्छेनुसार दफनाऐवजी दहन झाले. त्यांच्या हृदयावर मोहोर होती, असे म्हणणारे आमच्यातच आहेत. पण ती मोहोर पाहण्याची नजर अल्लाहने आम्हाला दिलेली नाही. निवाडा त्याने स्वतःकडे ठेवला आहे. तो आम्ही का करावा?