ओळख पटेना

तांब्याच्या पत्र्यावर इस्त्रीने उमटवलेली नक्षी, फेरिक क्लोराइडच्या तपकिरी पाण्यातून वर आलेले ट्रॅक, हाताने पाडलेली भोकं आणि मध्यरात्री दिलेला शेवटचा डाग. एवढं झाल्यावर घरगुती बोर्डाला यूएसबी केबल जोडायची, आणि विंडोजने कोपऱ्यातून सांगायचं की हे उपकरण ओळखता आलं नाही! मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या बुधवार पेठेतून सुटे भाग आणून बोर्ड बनवणाऱ्यांना हा क्षण चांगलाच परिचयाचा. बहुतेक जण लगेच प्रोग्रॅम उघडून त्यातल्या चुका शोधू लागतात.

खरं तर ती तक्रार म्हणजे निम्मी आनंदवार्ता. दारात कोणीतरी आलंय, एवढं संगणकाला कळलेलं असतं. काहीच न उमटणं हा वेगळा आजार, आणि त्याचं औषधही वेगळं.

साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा: पाच व्होल्ट, ग्राउंड, आणि डेटाच्या दोन, डी प्लस व डी मायनस. संगणक या दोन्ही डेटा तारा 15 किलोओहमच्या रेझिस्टरने खाली ओढून धरतो. उपकरण त्यांतली एक 1.5 किलोओहमने वर खेचतं. हीच दारावरची थाप. डी मायनस वर गेली तर पाहुणा 'लो स्पीड', सेकंदाला 15 लाख बिटांचा; डी प्लस गेली तर 'फुल स्पीड', 1 कोटी 20 लाखांचा. मग संगणक त्याला रीसेट करतो, 'तू कोण?' विचारतो आणि 1 ते 127 मधला एक पत्ता देतो. थाप मारायला एक रेझिस्टर पुरतो. उत्तर द्यायला मात्र चिप जागी लागते आणि तिचं घड्याळ बरोबर चालावं लागतं.

म्हणून पूर्ण शांतता असेल तर आधी केबल बदलावी. नुसत्या चार्जिंगच्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात. मग मल्टिमीटरने पाच व्होल्ट पाहावेत, तो रेझिस्टर आणि त्याचे डाग तपासावेत.

थाप ऐकू येते पण बोलणं होत नाही, याचं उत्तम उदाहरण म्हणजे थॉमस फिशल यांचा यूएसबीएएसपी हा प्रोग्रॅमर, म्हणजे चिपमध्ये प्रोग्रॅम भरणारं उपकरण. त्यातल्या एटीमेगा 8 चिपमध्ये यूएसबीचं हार्डवेअरच नाही. ऑस्ट्रियातल्या ऑब्जेक्टिव्ह डेव्हलपमेंटने लिहिलेलं सॉफ्टवेअर ते काम करतं. 12 मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर प्रत्येक बिटासाठी चिपला मोजून आठ ठोके मिळतात. पण कारखान्यातून आलेली कोरी चिप क्रिस्टलकडे ढुंकूनही पाहत नाही. ती आतल्या 1 मेगाहर्ट्झच्या घड्याळावर चालते. बिटामागे एक ठोकाही पुरा पडत नाही. कोणतं घड्याळ वापरायचं हे ठरवणारे फ्यूज बिट बदलणं मी विसरलो होतो आणि तीन रात्री निर्दोष डाग पुन्हा पुन्हा वितळवत बसलो होतो. गंमत अशी की ते बिट बदलायला दुसरा प्रोग्रॅमर लागतो, आणि मी तर माझा पहिलाच बनवत होतो.

याच बोर्डावर झेनर डायोडही दगा देतात. चिपची पिन पाच व्होल्ट फेकते, तर डेटाच्या तारांना 3.6 व्होल्टच्या वर जायची मुभा नाही. म्हणून प्रत्येक तारेवर 3.6 व्होल्टचा छोटा झेनर आणि 68 ओहमचा रेझिस्टर. दुकानदाराने 'तेच आहे' म्हणत एक वॅटचा जाडा झेनर दिला, तर त्याच्या जादा कपॅसिटन्समुळे बिटांच्या कडा बोथट होतात.

कधी जोडणीतच डेटाच्या तारांची अदलाबदल होते. लिनक्सवर 'डीमेसग' ही आज्ञा दिली की चोर सापडतो: लो स्पीड असायला हवं ते उपकरण तिथे फुल स्पीड म्हणून नोंदलेलं असतं. ही थाप अक्षरशः थाप असते.

तयार बोर्डही यातून सुटलेले नाहीत. 'ब्लू पिल' नावाच्या स्वस्त एसटीएम 32 बोर्डांपैकी अनेकांवर डी प्लसचा रेझिस्टर 1.5 ऐवजी 10 किलोओहमचा निघाला. संगणकाच्या 15 किलोओहमशी ओढाताण होऊन तारेवर 3.3 ऐवजी जेमतेम 1.98 व्होल्ट उरतात, आणि 'वर' समजण्याची हमी 2 व्होल्टपासून पुढे. त्यामुळे तोच बोर्ड एका लॅपटॉपवर चालतो, दुसऱ्यावर नाही. इलाज काही पैशांचा: डी प्लसची पीए 12 पिन आणि 3.3 व्होल्ट यांच्यामध्ये 1.8 किलोओहमचा आणखी एक रेझिस्टर. जुना दहाचा आणि नवा, दोघं मिळून 1.53 किलोओहम भरतात.