बॅटरी बिघडली तर?

माझी शाळा घरापासून सहा किलोमीटर, सगळा चढ. एसटी दिवसातून दोनदाच. म्हणून जाड टायरची इलेक्ट्रिक माउंटन बाइक घ्यायचं ठरवलं. मोटर २५० वॅटपर्यंतची आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असला, की लायसन्स नको, नोंदणी नको. तीन दुकानांत एकच उत्तर : "मॅडम, स्टॉक नाही." चौथ्याने शोकेसमधली दाखवली. किती महिने तशीच उभी होती, कोण जाणे! लिथियम बॅटरी रिकामी पडून राहिली की खराब होते. दुरुस्ती? "पुण्याला पाठवू." किती दिवस? तो नुसता हसला.

अम्मी म्हणाल्या, "बेटा, चेन कुणीही बसवेल, मोटर कोण उघडणार?" गल्लीतल्या सायकलवाल्या चाचांनी तर हातच जोडले.

बयाणा अजून दिलेला नाही. बॅटरीची वॉरंटी आणि सुट्या भागांची हमी लेखी मागितली आहे. तोवर सातची वडाप, मांडीवर वह्यांचा गठ्ठा.